इजिप्तचे काय करायचेय पोरीला?

दहावीतल्या मुलीने घरी येऊन सांगितले की मला इजिप्तचा प्राचीन इतिहास शिकायचा आहे, तर पिंगळीसारख्या गावात काय होईल? आई हसेल. बाप म्हणेल, "आधी बारावी तर कर." मावशी विचारेल, "तिथं नोकरी लागती का?" आणि गावोगाव शिबिरे घेणाऱ्या आपण कार्यकर्त्या काय म्हणू? मैत्रिणींनो, खरे सांगायचे तर आपणही तेच म्हणू, फक्त जरा गोड शब्दांत. "बाई, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा. नर्सिंग कर, शिवणकाम शीक, एमएससीआयटी करून टाक." माझे भांडण या गोड शब्दांशी आहे.

पोटाचा प्रश्न मला कळत नाही असे समजू नका. परभणी जिल्ह्यात काम करणाऱ्या बाईला तो कुणी समजावून सांगायची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा २२ च्या आसपास आहे. म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरींच्या हातून पाटी गेलेली. अशा ठिकाणी पोरीला लवकर कमावती करणे हाच लग्न लांबवण्याचा रस्ता वाटतो, आणि कधी कधी तो असतोही. पण त्या रस्त्यावर आपण इतक्या वर्षांत दुसरा फाटाच ठेवला नाही. मुलीचे शिक्षण म्हणजे तिच्या घराला, सासरला, गावाला उपयोगी पडेल तेवढे शिक्षण, हे आपणही धरून चाललो. सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर लावायचा आणि पोरीला विचारायचे, याचा उपयोग काय!

प्राचीन इजिप्तचा अभ्यास हे वेळखाऊ काम आहे. चित्रलिपी शिकायची, तिची धावती रूपे शिकायची, पुढे कॉप्टिक आणि ग्रीक. मोठे संशोधन फ्रेंच आणि जर्मनमध्ये छापलेले, म्हणजे त्याही भाषा आल्या. दहा-बारा वर्षे कशी जातात कळत नाही. वयाच्या अठरापासून तिसापर्यंतची हीच वर्षे आपल्याकडे मुलीच्या लग्नाला, बाळंतपणांना आणि सासूच्या दुखण्याला वाहिलेली असतात. पोरीला डोके कमी असते म्हणून ती विद्वान होत नाही असे म्हणणारे आता फार उरले नाहीत. तिच्याकडून वर्षे काढून घेतली जातात, आणि त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आणि ज्यांना वर्षे मिळाली त्यांचे काय झाले? अमेलिया एडवर्ड्स या इंग्रज लेखिकेने १८८२ साली इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढायला पुढाकार घेतला. १८९२ मध्ये ती वारली तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला पैसे ठेवून गेली. तिथे इजिप्तविद्येचे प्राध्यापकपद निघावे ही तिची इच्छा. कॉलेज निवडले ते बायकांना पदव्या देते म्हणून. त्या पदावर बसले फ्लिंडर्स पेट्री. माणूस मोठ्या कामाचा, आणि अमेलियाच्याच मनातला. ते हिवाळे इजिप्तमध्ये खोदकामात घालवत. मागे विभाग सांभाळायची, पोरांना लिपी शिकवायची ती मार्गारेट मरे.

ही मार्गारेट जन्मली कलकत्त्यात, १८६३ साली. तिथल्या इस्पितळात तिने परिचारिकेचे काम शिकायला घेतले होते. तिशीत लंडनला जाऊन लिपी शिकायला बसली, हातात एकही पदवी नसताना. १८९८ मध्ये ती शिकवू लागली. १९०२-०३ च्या हंगामात अबायडोसला खोदकामावर होती. १९०८ मध्ये मँचेस्टरला लोकांसमोर ममी उलगडण्याचे काम तिच्या हाताखाली झाले. बायकांच्या मताधिकारासाठी मोर्च्यांत चालली. सहायक प्राध्यापक व्हायला १९२४ उजाडले, म्हणजे साठी ओलांडलेली! १९३५ मध्ये निवृत्त झाली तीही तेवढ्याच पदावरून. एका बाईच्या पैशाने घडवलेली खुर्ची, वर्षानुवर्षे तिची धूळ पुसणारी दुसरी बाई, आणि पेट्रींच्या नंतर त्या खुर्चीवर पुन्हा पुरुषच. (मरेबाई शंभर वर्षे जगल्या आणि शंभराव्या वर्षी आत्मचरित्र छापून मोकळ्या झाल्या. त्याचा मला फार आनंद आहे.)

हे विलायतेचे झाले. आपल्याकडे इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला संशोधनाला निघाल्या. सून परदेशी शिकायला जाते हे महर्षी कर्व्यांना पसंत नव्हते. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, बायकांचे विद्यापीठ काढले, ते महर्षी! नवरा पाठीशी, आणि जीवराज मेहतांकडून उसने पैसे, म्हणून जमले. सुधारकाच्या घरात ही गत, तर पिंगळीच्या कोरडवाहू घरात काय असेल? कर्वे घराजवळ निदान पुणे होते, ओळखी होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांची अक्षरओळख होती. जातीने दिलेली ही शिदोरी विसरून इरावतीबाईंचे उदाहरण खेड्यातल्या मुलीपुढे ठेवणे म्हणजे तिची थट्टाच.

म्हणून दुसरे उदाहरण देते. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवरचे पुस्तक १९८९ मध्ये काढले. त्यांना कुठल्या विद्यापीठाची खुर्ची नव्हती. घर, संसार सांभाळत त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना शोधत फिरल्या, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्या गेल्या नसत्या तर त्या बायका मरून गेल्या असत्या आणि चळवळीच्या इतिहासात फक्त पुरुषांचे फोटो उरले असते. शोभना गोखल्यांनी डेक्कन कॉलेजात आयुष्य कोरीव लेख वाचण्यात घालवले. १९७५ मध्ये त्यांनी 'पुराभिलेखविद्या' मराठीत लिहिले, कान्हेरीच्या लेखांवरचा ग्रंथ १९९१ मध्ये आला. नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा. ब्राह्मी वाचणारे कुणी नसेल तर त्या नुसत्या ओरखड्यांच्या भिंती.

आता उपयोगाचेच विचारता तर ऐका. सुमारे ३१५० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये, कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, नौनख्ते नावाची म्हातारी न्यायसभेपुढे उभी राहिली. तिने सांगितले की आठ लेकरे वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले, आता हातपाय थकले तर काही जण विचारत नाहीत. ज्यांनी हात दिला त्यांनाच माझे मिळेल, बाकीच्यांना माझ्या वाट्यातले काही नाही. बापाच्या वाट्याचे त्यांचे त्यांना मिळो. हे सारे लिहून ठेवले गेले. तो पपायरस सापडला, वाचला गेला, १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून आज मी तुम्हाला सांगते आहे. ती काही स्वर्गात राहत नव्हती. राजा आणि पुरोहितांचाच तो देश, आणि गरिबाघरची बाई तिथेही दळतच होती. पण बाईच्या नावावर मालमत्ता असते, ती कुणाला द्यायची ते बाई ठरवते, हे लिहून ठेवण्याइतके साधे होते.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी तलाठ्याकडे किंवा रजिस्ट्रारकडे जाऊन पाहा, बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतील. भाऊबीज तुटेल, माहेर तुटेल, या भीतीने. "आपल्या संस्कृतीत बाईने कधी वाटा मागितला नाही" असे कीर्तनात, सभेत, कोर्टाच्या ओट्यावर सांगितले जाते, तेव्हा आपल्यातल्या कितीजणींना पुराव्यासह उत्तर देता येते? जुने काय होते ते आपल्याला वाचता येत नाही, म्हणून दुसऱ्याने सांगितलेले जुने आपल्या डोक्यावर बसते.

इजिप्त तरी कुठे इतका लांब आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक खलाशांचा मार्गदर्शक ग्रंथ सांगतो की पैठणचे गोमेद आणि तगरचे, म्हणजे आपल्या तेरचे, कापड गाड्यांतून भडोचला जाई, आणि तिथून जहाजाने इजिप्तच्या बंदरांकडे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय सागवान आणि मिरी सापडली. तिथे बुद्धमूर्ती मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. गोदावरीकाठच्या सूत कातणाऱ्या बायकांच्या हातचे काम नाईलच्या देशात पोचत होते. त्या बायका कोण, मजुरी किती, हे कुणी शोधलेले माझ्या वाचनात नाही. हा विषय पिंगळीच्या पोरीने घेतला तर पुण्याच्या पोरीपेक्षा तिला जास्त सुचेल. पिंगळेश्वराच्या बारवेच्या पायऱ्या तिने पाहिलेल्या असतात. तिथे अलीकडे बारवांचे फोटो काढायला लोक येतात, चांगले आहे. पण डोक्यावर घागर घेऊन त्या पायऱ्या कोण चढत होते आणि कुणाला त्या उतरूच दिल्या जात नव्हत्या, हा प्रश्न फोटोत येत नाही.

एक गोष्ट अजून टोचते. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात एका तरुण इजिप्शियन मुलीची ममी आहे. नबाबी घराण्यातल्या एकाने ती विकत आणली, सातव्या निजामाने १९३० साली संग्रहालयाला दिली. तेव्हा परभणी त्याच राज्यात होती आणि इथली रयत त्याच तिजोरीत सारा भरत होती. मेलेली पोर आणायला पैसा मिळाला. तिची लिपी शिकवायला मिळाला नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत त्या लिपीचा स्वतंत्र विभाग नाही. २०२४ मध्ये राज्याने ठराविक उत्पन्नाच्या आतल्या मुलींची फी माफ केली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची. त्याला विरोध कशाला करू? पण इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला वसतिगृह, पुस्तके आणि पाच-सात वर्षांचा खर्च कोण देणार, हे आपण नांदेडच्या विद्यापीठाला आणि सरकारला कधी विचारले? आपल्या मागण्यांच्या निवेदनात दारूबंदी असते, पाणी असते, रेशन असते. पुढच्या निवेदनात हेही घाला. तोवर गटाच्या पेटीतल्या पैशांतून चार मुलींना पिंगळीहून हैदराबादला आगगाडीने न्या, आणि त्या काचेपुढे जितका वेळ थांबायचे तितका वेळ थांबू द्या. परतीच्या गाडीत त्या काय विचारतात ते लिहून आमच्याकडे पाठवा.