संशोधन गावाचे, श्रम कोणाचे?

आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा इस्पितळातील खाटा आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा यांपाशी येऊन थांबते. कोणता आजार मोजायचा, तो कोणी मोजायचा आणि मोजणाऱ्याच्या श्रमाचे मोल कोणी द्यायचे, हे प्रश्न वास्तविक अर्थकारणाचे. परंतु पुरोगामी कार्यकर्तेही ते डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतात. या दृष्टीने गडचिरोलीचा अनुभव पुन्हा तपासण्याजोगा आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1986 पासून तेथे काम आरंभिले. दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी झाली तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळून आले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. हे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व नसबंदीचे उद्दिष्ट, अशीच सरकारी समजूत होती.

याहून महत्त्वाचा प्रयोग नवजात बालकांचा. 39 गावांतील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, जंतुदोष ओळखणे आणि वेळप्रसंगी इंजेक्शन देणे, ही सारी कामे त्यांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन केली. दर हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण 1998 पर्यंत सुमारे 25 वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. खर्च आला दर बाळामागे सुमारे 5.3 डॉलर! घरोघरचे जन्ममृत्यू गावाने विश्वासाने सांगितले नसते, तर यातील एकही आकडा उभा राहिला नसता.

ही पद्धत 2011 साली केंद्र सरकारने ‘आशां’मार्फत देशभर स्वीकारली, हे योग्यच झाले. तथापि इंजेक्शनाचा अधिकार आशेकडे दिला नाही, आणि मोबदला ठरला तो दर बाळामागे 250 रुपये. 42 दिवसांत किमान सहा भेटी. म्हणजे एका भेटीचे 42 रुपयेही पडत नाहीत. आशा ही कागदोपत्री ‘स्वयंसेविका’, म्हणून किमान वेतन नाही. शासनाने संशोधनाचा निष्कर्ष उचलला आणि तो ज्या श्रमांवर उभा होता त्यांना सेवाभाव असे नाव दिले. पैशाने सेवावृत्ती बिघडते, असे सांगणारे सज्जन हाच न्याय जिल्हा शल्यचिकित्सकांना लावताना दिसत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशांनी संप केला. आश्वासनाचा शासन निर्णय निघेना म्हणून 2024 च्या आरंभी त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. त्यानंतर मार्चमध्ये तो निघाला.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या संघटनांच्या पाठीशी उभे राहावेच. त्याखेरीज आणखी एक काम त्यांना आजच हाती घेता येईल. आशेच्या वहीतील जन्ममृत्यूंची नोंद तालुक्याला आणि तेथून वर जाते. ती गावात परतत नाही. ती वर्षातून दोनदा, नावे गाळून, ग्रामसभेत वाचली जावी, असा ठराव आपापल्या गावी मांडावा आणि त्या नोंदीशेजारी आशेला त्या काळात मिळालेल्या रकमेचा आकडाही वाचावयास लावावा.