पाठीवरचा हात

जळगावच्या एका मैदानावर खो-खोचा सराव पाहत होते. आठ मुली, एक इकडे तोंड करून तर दुसरी तिकडे, अशा बसलेल्या. नववी धावत आली, एकीच्या पाठीला हात लावून ‘खो!’ ओरडली. ती मुलगी उठून पळालीच नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन जागीच आकसली.

आता ‘दहा फेऱ्या मार’ ऐकू येणार, असं मला वाटलं. प्रशिक्षक ताईंनी मात्र शिट्टी खिशात टाकली आणि तिच्यासमोर मातीत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी फक्त आवाजाचा खो. मग मैत्रिणीचा हात, तोही समोरून. मागून स्पर्श सर्वांत शेवटी, तिनं ‘हो’ म्हटल्यावरच.

मार खाल्लेल्या मुलाला मागून आलेला हात आधी मारच वाटू शकतो. अशा आकसण्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेली धुळे जिल्ह्यातली मुलंही मैदानावर येतात, आणि घरचं सगळं अंगावर घेऊनच येतात.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली. शाळेचं मैदान ही शाळाच. क्रीडाशिक्षकांनी मुलाला खोदून विचारू नये. पण लैंगिक अत्याचार कळला, तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक मैदानावर रंगवलेला हवा.

हा अंक ताईंसारख्या प्रशिक्षकांसाठी काढला आहे. ती मुलगी मागून दिलेल्या खोला अजून ‘नको’ म्हणते. ताई थांबल्या आहेत.