दुवा विकत मिळत नाही

‘इतक्या रुपयांत शंभर बॅकलिंक, साइट गुगलच्या पहिल्या पानावर!’ नांदेड-लातूरचा क्लासवाला असो की डाळमिलवाला, या पॅकेजला त्याने हात जोडून नाही म्हणावं.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकचं तत्त्व साधं होतं : दुवा म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याचं जेवढं वजन तेवढंच तिचं. विकत घेतलेल्या शिफारशीला कसलं आलंय वजन? एप्रिल २०१२ च्या पेंग्विन बदलाने अशा दुव्यांवर तरलेल्या साइट गुगलने खाली ढकलल्या. पैसेही गेले, पतही गेली.

दुवा कमवायचा तर दुसऱ्याकडे नाही ते लिहावं लागतं. ते आपल्याकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपण सोसला. २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरलाच आली. ‘लातूर पॅटर्न’ घडला तोही इथल्याच वर्गांत. हे तपशिलाने, मराठीत लिहा. अभ्यासकाला तुमचा दुवा द्यावाच लागेल.

पण दुसऱ्याचा मजकूर उचलताना त्याचं नाव गाळणाऱ्यांनी दुव्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आधी द्यायला शिका.