जुने आणि मुरलेले

गेल्या मार्गशीर्षात आम्ही नांदेडहून लातुरास धाकट्या बंधूंच्या घरी गेलो होतो. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त काही वर्षे इटलीत राहून नुकतेच परतले आहेत. येताना त्यांनी दोन बाटल्या आणल्या होत्या. दोन्ही तोस्काना प्रांतातील माँताल्चिनो गावच्या एका नामांकित मळ्याच्या, ‘ब्रुनेल्लो’ नामक द्राक्षमद्याच्या. एक १९९३ सालची, दुसरी २०१८ सालची. त्या पाहताच आमच्या भावजयींनी देवघराचे दार लोटून घेतले आणि घरात दोन पक्ष पडले. “या घरात आजवर बाटली आली ती गुलाबपाण्याची, नाहीतर आसवारिष्टाची,” असे मातुःश्रींचे म्हणणे. “काका, मी कोणास प्या म्हणत नाही. जुन्या-नव्याचा भेद तुम्ही आम्हांस जन्मभर सांगत आलात; तो डोळ्यांनी पाहा, इतकेच,” असे चिरंजीवांचे म्हणणे. पंच म्हणून आमची नेमणूक झाली.

वाचकांनी दचकू नये म्हणून आरंभीच सांगतो की, आम्ही चाखले नाही. वासाने अर्धे भोजन घडते म्हणतात. त्या हिशेबाने आम्ही अर्धेच दोषी आहोत.

जुनी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेविली होती, कारण तिच्या तळाशी साका बसलेला असतो. चिरंजीवांनी ती तूप निवळून घ्यावे तशी सावकाश ओतली. नव्या मद्याचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा होता. जुन्याचा गेरूकडे झुकलेला. नव्यास ताज्या आंबटगोड फळांचा वास होता. जुन्यास सुकलेल्या अंजिराचा, तपकिरीचा आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. चिरंजीवांनी दोहोंचा एकेक घोट घेऊन सांगितले की, नवे जिभेस हिरड्यासारखे धरते, जुन्याचा तुरटपणा विरघळून गेला आहे. याचे कारणही त्यांनी सांगितले. द्राक्षाच्या सालीतील तुरट द्रव्य आणि रंग कालांतराने एकत्र येऊन खाली बसतात. तोच तो साका. म्हणून ज्या मद्यात मूळचा तुरटपणा व आंबटपणा भरपूर, तेच मुरते. ज्यात तो नाही, ते केवळ शिळे होते.

हे ज्ञान त्या गावाने सहज मिळविलेले नाही. तेथील बिओन्दी-सान्ती घराण्यातील फेर्रुच्चो यांनी सांजोवेझे या एकाच जातीच्या द्राक्षांपासून १८८८ साली केलेले मद्य आजही नावाजले जाते. त्या मळ्यात ठेवणीच्या मद्यासाठी पंचवीस वर्षांहून जुन्या वेलींचीच द्राक्षे घेतात. फार जुन्या बाटल्या उघडून, त्याच सालच्या मद्याने भर घालून नवे बूच लावण्याची रीतही तेथे चालत आली. आजच्या कायद्याप्रमाणे ब्रुनेल्लो खुडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या आत बाजारात आणता येत नाही, आणि त्यांतली निदान दोन वर्षे ते ओकच्या पिंपात असावे लागते.

आमच्या शास्त्रांस ही गोष्ट नवी नाही. नवे मद्य जड व दोष वाढविणारे, जुने हलके व अग्नी प्रदीप्त करणारे, असे चरकसंहितेत म्हटले आहे. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून, कापिशायन व हारहूरक ही त्याची देशपरत्वे नावे दिली आहेत. रोमचा वैद्य गेलन मात्र आणखी एक पायरी सांगतो. इटलीचे ‘फालेर्नियन’ मद्य दहा वर्षांनी पिण्याजोगे होते, पंधरा ते वीस वर्षांत उत्तम असते, आणि त्यापुढे डोके दुखविते. जुनेपणासही सीमा आहे, हे सांगण्याचे धैर्य आम्हांस गेलनापाशी दिसले.

आणि इटलीचे मद्य आमच्या मुलखास तरी परके कोठे आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासग्रंथात भडोच बंदरी येणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख आहे, आणि त्यातही पसंती इटलीच्या मद्यास. त्याच ग्रंथात तगर नगरीचे कापड बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचेस जात असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील आपले तेर. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेर येथेही मिळाली आहे.

इतके व्याख्यान होईपर्यंत भावजयी दाराआड ऐकत असाव्यात. बाटलीवरील साल आम्ही मोठ्याने वाचले तेव्हा त्या बाहेर आल्या. चिरंजीवांनी ते साल निवडले ते आपल्या जन्माचे म्हणून. आम्हां थोरांस त्या आकड्याने दुसरेच आठवले. तिकडे द्राक्षांच्या खुडणीचा हंगाम असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून निजलेली किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने ढासळली. तेव्हा आम्ही याच जिल्ह्यात शिक्षक होतो. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी हजेरीपटावरील काही नावे आम्ही वाचली नाहीत, आणि का वाचली नाहीत असे कोणा मुलाने विचारले नाही.

भावजयींनी बाटली हातात घेतली. “त्या महिन्यात मी याला पदराखाली घेऊन अंगणात रात्री काढल्या. घरात निजायची छाती होत नव्हती,” एवढेच त्या म्हणाल्या. मग पेल्याचा वास घेऊन, “मनुकांचा जुना डबा उघडल्यासारखे वाटते,” असा अभिप्राय देऊन आत गेल्या. बाटल्या माडीवर राहाव्यात, माजघरात येऊ नयेत, असा निवाडा आम्ही दिला. तो उभयपक्षी मान्य झाला.

परतताना मनात गोरोबाकाका आले. तेही तेरचेच. थापटण्याने मडके पारखावे तशी त्यांनी संतांची डोकी पारखली आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ही कथा आपण लेकरांस सांगतो. मात्र सांगताना आपले डोके त्या थापटण्याखाली कधी धरीत नाही. आमचे केस पिकले म्हणजे आम्ही पिकलो, असे आम्ही घरात धरून चालतो. वास्तविक वर्षे सर्वांचीच सरतात. कोणी मुरतो, कोणी नुसता आंबतो. आपण यांतील कोण, हे स्वतःस कळत नाही. घरातील धाकट्यांस विचारावे लागते. आम्ही चिरंजीवांस विचारले. ते हसले आणि म्हणाले, “काका, अजून थोडा तुरटपणा आहे.”

मुरण्यास वाव आहे, असा याचा अर्थ आम्ही लाविला आहे.