ई-सिगारेट : फेकून देण्यावर बंदी, पण देखभालीचे काय?

एकदा वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदी लागू झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चारही भागांत दुकानातून अथवा इंटरनेटवरून अशी उपकरणे विकणे आता बेकायदा आहे. वाढता कचरा रोखणे आणि अल्पवयीन मुलांमध्ये फैलावणाऱ्या व्यसनाला आळा घालणे, असे दुहेरी उद्दिष्ट या निर्णयामागे होते. 'मटेरियल फोकस' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या देशात दर आठवड्याला सुमारे ५० लाख ई-सिगारेटी फेकल्या जात होत्या. त्यांतील लिथियमच्या बॅटऱ्या कचऱ्याच्या गाड्यांत चिरडल्या जाऊन आगी लागण्याचे प्रकारही घडत होते.

बंदीचे समर्थन करताना या बाबींची सविस्तर चर्चा झाली. एक साधी वस्तुस्थिती मात्र या चर्चेत मागे पडली. फेकून देण्याच्या उपकरणाला देखभालीची गरज नव्हती. पुन्हा वापरायच्या उपकरणाला ती रोजच लागते आणि ती कशी करावी, हे नवख्या ग्राहकाला ठाऊक नसते.

जबाबदारीचे स्थलांतर

नव्या नियमांनुसार ई-सिगारेट पुन्हा चार्ज करता आली पाहिजे आणि तीत द्रव पुन्हा भरता आला पाहिजे. तिच्यातील कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, बदलता येणेही आवश्यक आहे. या तिन्ही अटींचा अर्थ एकच होतो. पूर्वी जे काम कारखान्यात पूर्ण होऊन येत असे, ते आता वापरणाऱ्याच्या हाती आले आहे.

उपकरणाची रचना अवघड नाही. बॅटरीच्या वर द्रवाची छोटी टाकी बसवलेली असते. २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ब्रिटनमध्ये तिची क्षमता २ मिलिलिटरहून अधिक असू शकत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये यांचे मिश्रण तीत भरले जाते. टाकीच्या मध्यभागी कॉइल असते आणि तिच्याभोवती कापसाची वात असते. वात द्रव शोषून घेते, तार तापते आणि त्याची वाफ होते.

बिघाडाचे मूळ याच ठिकाणी असते. गोड चवीच्या द्रवातील काही घटक तारेवर करपून त्यांचा काळा चिकटा जमतो. वातीला पुरेसा द्रव मिळाला नाही तर कापूसच जळू लागतो आणि घशाला झोंबणारा करपट झुरका येतो. तळाची रबरी वॉशर सरकली की द्रव बॅटरीच्या जोडापर्यंत झिरपतो.

नवख्याने काय करावे?

टाकीची स्वच्छता हे खर्चाचे अथवा कौशल्याचे काम नाही. प्रथम टाकी बॅटरीपासून वेगळी करावी लागते. उरलेला द्रव काढून टाकल्यावर मुखाकडील भाग, झाकण, काचेची नळी आणि तळ हे भाग सुटे करून कोमट पाण्याने धुतले जातात. रबरी वॉशर बारीक असल्याने त्या नळाखाली हरवण्याचा संभव असतो, म्हणून त्या आधीच बाजूला काढून ठेवणे इष्ट ठरते. सर्व भाग पूर्ण कोरडे झाल्याखेरीज जोडणी करू नये. आट्यांत राहिलेले पाणीदेखील गळतीला अथवा बिघाडाला कारण होऊ शकते. बॅटरीला पाणी लावायचे नसते. तिचा जोड कोरड्या कापसाने पुसणे पुरेसे असते.

कॉइलचा प्रश्न मात्र निराळा आहे. कापसाची वात असलेली तयार कॉइल धुऊन पुन्हा नवी होत नाही, ती बदलावीच लागते. वापर आणि द्रवाचा प्रकार यांनुसार ती साधारणतः एक ते तीन आठवडे टिकते. नवी कॉइल बसवताना तिच्या कापसावर द्रवाचे काही थेंब सोडून आणि टाकी भरल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबूनच वापर सुरू करावा लागतो. नवखे वापरकर्ते घाईत हीच पायरी गाळतात आणि पहिल्याच झुरक्याला कॉइल जळते.

द्रवाच्या हाताळणीत सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते. त्यामुळे टाकी भरताना अथवा धुताना हातावर सांडलेला द्रव लगेच धुणे आवश्यक असते. लहान मुलांनी तो गिळल्यास विषबाधा होऊ शकते. म्हणूनच बाटलीचा आकार १० मिलिलिटरपर्यंत, निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत आणि झाकण मुलांना सहज न उघडणारे, अशी बंधने ब्रिटनच्या नियमांत आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुटी करून ठेवलेली टाकी मात्र या बंधनांच्या कक्षेबाहेर राहते.

स्वच्छता म्हणजे निर्धोकता नव्हे

टाकी स्वच्छ ठेवली की धोका संपतो, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरकर्त्यांच्या उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. बाटलीतील द्रवात धातूंचे प्रमाण अल्प होते. तोच द्रव टाकीत तापलेल्या कॉइलच्या संपर्कात आल्यावर त्यात आणि वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम व मँगनीज यांचे प्रमाण वाढलेले आढळले. कॉइल वारंवार बदलणाऱ्यांच्या उपकरणांतही हे प्रमाण कमी नव्हते, उलट ते अधिक असल्याचे दिसले. देखभालीमुळे करपट वाफ, गळती आणि अपव्यय टळतो. धातूंचा प्रश्न तिने सुटत नाही.

ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेची भूमिका या संदर्भात नीट समजून घेतली पाहिजे. ई-सिगारेट निरुपद्रवी आहे, असे तिने म्हटलेले नाही. 'पब्लिक हेल्थ इंग्लंड'च्या २०१५ मधील अहवालाने ती तंबाखूच्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज व्यक्त केला होता आणि त्यावर वादही झाला. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी ते एक साधन आहे आणि धूम्रपान न करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असा त्या धोरणाचा गाभा आहे. देखभालीचे महत्त्व नेमके येथेच आहे. सिगारेट सोडलेल्या माणसाला करपट चव आणि गळती यांचा त्रास झाला, तर तो पुन्हा सिगारेटकडे वळू शकतो. अथवा जळलेल्या कॉइलसाठी तो संपूर्ण उपकरणच कचऱ्यात टाकतो. पुन्हा वापरता येणारी उपकरणे स्वस्त असल्याने हा मोह मोठा असतो आणि तसे झाल्यास बंदीचा मूळ हेतूच पराभूत होतो.

भारताची वेगळी वाट

भारताने याबाबत सर्वस्वी वेगळा मार्ग स्वीकारला. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी बंदीच्या अध्यादेशाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांना त्याने मनाई केली. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. पुढील गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. साठवणुकीसाठी स्वतंत्र शिक्षा आहे. शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये गेलेल्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याने तेथे कायदेशीरपणे घेतलेले उपकरण मायदेशी आणणे, हे या कायद्याखालील आयातबंदीचे उल्लंघन ठरते.

बंदी असूनही चोरट्या मार्गाने आलेली उपकरणे अधूनमधून जप्त होतात. अशा मालात कोणता द्रव आहे, निकोटिन किती आहे आणि कॉइल कशाची आहे, याची कोणतीही हमी नसते. ब्रिटनमध्ये उपकरणासोबत वापराची माहिती देणारे पत्रक बंधनकारक आहे, येथे ते असण्याचा प्रश्नच नाही. अशी टाकी कितीही धुतली तरी आत काय भरले आहे, हे वापरणाऱ्याला कळत नाही.

दोन्ही देशांचे मार्ग भिन्न असले तरी त्यांतून निघणारा बोध सारखाच आहे. विक्रीचा नियम बदलणे हे धोरणाचे पहिले पाऊल असते, लोकांच्या सवयी त्याने आपोआप बदलत नाहीत. ब्रिटनमध्ये टाकी कशी धुवावी आणि कॉइल केव्हा बदलावी, हे दुकानातच समजावून सांगितले गेले, तरच पुन्हा वापरण्याची अट कागदाबाहेर येईल. भारतात बंदीच्या अंमलबजावणीइतकेच सिगारेट, विडी आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना वैद्यकीय साहाय्य सहज मिळणे महत्त्वाचे आहे. ते मिळाले नाही, तर चोरट्या बाजाराला गिऱ्हाईक मिळतच राहील.