बँकेच्या दारात अडलेले 120 तास

एम.कॉम. आणि एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या सत्राच्या ओजेटी फायली तपासायला आल्या की या मासिकाच्या टपालात एकाच आशयाची पत्रे येऊ लागतात. पत्र पुण्याच्या पेठांतल्या कॉलेजातून आलेले असो की मुळशी तालुक्यातून, तक्रार तीच असते. बँक विद्यार्थ्यांना आत घेत नाही, तरीही प्रत्येक फायलीवर कुठल्या ना कुठल्या संस्थेचा शिक्का असतोच.

राज्य शासनाचा 20 एप्रिल 2023 चा निर्णय सर्वांना तोंडपाठ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्टसाठी 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. हेतूबद्दल कुणाचे दुमत नाही. नोस्ट्रो-व्होस्ट्रो, लेटर ऑफ क्रेडिट, फॉरवर्ड प्रीमियम हे शब्द केवळ टिपणांतून पाठ करून निघालेला विद्यार्थी पहिल्याच मुलाखतीत उघडा पडतो. अडचण अंमलबजावणीत आहे. उच्च शिक्षण विभागाचा आदेश विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर बंधनकारक आहे, बँकेच्या शाखेवर नाही. मुलांना पाठवायचे कॉलेजने, पण त्यांना घ्यायचे कुणी, हे कुठल्याच कागदात नाही.

महाळुंग्यात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची फाइल तिच्या मार्गदर्शकांनी या मासिकाला दाखवली. कॉलेजचे पत्र घेऊन ती आधी घराजवळच्या शाखेत गेली. व्यवस्थापकांनी प्रादेशिक कार्यालयाची परवानगी आणायला सांगितले. प्रादेशिक कार्यालयात उत्तर मिळाले की असे परिपत्रकच आलेले नाही. दुसऱ्या बँकेने अर्ज ठेवून घेतला आणि नंतर काहीच कळवले नाही. सत्र संपत आले, तेव्हा ओळखीतल्या एका पतसंस्थेने तिला बसायला खुर्ची दिली. तिच्या नोंदवहीत पानामागून पान तेच आहे: ‘खाते उघडण्याचे फॉर्म भरण्यास ग्राहकांना मदत केली, 4 तास.’ तिचा विशेष विषय आंतरराष्ट्रीय वित्त आहे. त्या 120 तासांत तिला एकही बिल ऑफ लेडिंग पाहायला मिळाले नाही, की विनिमय दराचा एकही व्यवहार.

आणि ही मुलगी राहते कुठे? महाळुंगे 2021 साली पुणे महापालिकेत आले. शेजारच्या बालेवाडीत राष्ट्रीय विमा अकादमी आहे, विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय आणि कोंढव्यात एनआयबीएम. खराडी आणि मगरपट्ट्यात परदेशी बँकांची कामे करणारी मोठमोठी कार्यालये उभी आहेत. देशात बँकिंगच्या शिक्षणासाठी इतकी अनुकूल शहरे फार नाहीत. तरी याच शहरातल्या विद्यार्थ्याला शिक्क्यासाठी वणवण करावी लागते.

शाखा व्यवस्थापकांना दोष देऊन भागणार नाही. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. सीबीएसचे लॉगिन त्रयस्थाच्या हाती देता येत नाही आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आणखी वाढवली आहे. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट 2018 चा सायबर हल्ला बँकिंग क्षेत्र विसरलेले नाही. 11 ऑगस्टला बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि 13 ऑगस्टला स्विफ्टमार्फत 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या बँकेत वळते झाले. एकूण फटका 94 कोटी 42 लाखांचा होता. यानंतर कुणी अनोळखी विद्यार्थ्याला टर्मिनलजवळ फिरकू देत नसेल, तर ते रास्तच आहे.

पण दार सगळ्यांनाच बंद आहे असेही नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली सार्वजनिक बँका पदवीधरांना वर्षभरासाठी घेतात. त्यासाठी जाहिरात निघते, विद्यावेतन ठरते, कुणी कुठे बसायचे आणि काय शिकायचे याचे नियम असतात. वर्षभराच्या उमेदवारासाठी जे जमते, ते 120 तासांच्या विद्यार्थ्यासाठी जमू नये याला एकच कारण आहे. ते काम कुणी अंगावर घेतलेलेच नाही.

ते घेण्याची जागा ठरलेली आहे. राज्यस्तरीय बँकर्स समितीचे निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे आणि पुणे जिल्ह्याची अग्रणी बँकही तीच. समितीच्या तिमाही बैठकीत पीककर्जापासून सीडी रेशोपर्यंत सगळ्याचा आढावा होतो आणि राज्य शासनाचे अधिकारी त्या बैठकीला बसतात. उच्च शिक्षण विभागाने ओजेटी हा विषय त्या विषयपत्रिकेवर का आणू नये? अग्रणी बँक योजनेचा उगम 1969 च्या गाडगीळ अभ्यासगटाच्या ‘क्षेत्रीय दृष्टिकोना’त आहे. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक. पुण्याच्या एका अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या विचारातून जी व्यवस्था उभी राहिली, तिच्याकडे पुण्याच्या अध्यापकांनी हक्काने जायला हवे.

विभागाकडून हवे आहे ते फार नाही: बँकांशी लेखी करार, गोपनीयतेच्या हमीपत्राचा एक नमुना, प्रत्येक जिल्ह्यात किती जागा याची यादी, आणि विद्यार्थ्याने कोणते टेबल पाहायचे व कोणते नाही याची स्पष्ट आखणी. तीन वर्षे एवढ्यासाठी थांबायला लावणे अक्षम्य आहे.

तोवर अध्यापकांनी काय करायचे? पहिली गोष्ट म्हणजे खोट्या तासांवर सही करणे बंद. पाच-सहा दिवसांची हजेरी 120 तासांची म्हणून मान्य करणारे सहकारी आपल्यातच आहेत. ‘मुलांचे नुकसान नको’ ही त्यांची सबब पटणारी नाही, कारण खरे नुकसान त्या सहीनेच होते.

दुसरी गोष्ट शासन निर्णयातच लिहिलेली आहे: ‘किंवा फील्ड प्रोजेक्ट’. या पर्यायाचा पुरता वापर फार थोड्या विभागांनी केला आहे. 120 तासांची आखणी साधी आहे. 40 तास एका नागरी सहकारी बँकेचे पाच वर्षांचे ताळेबंद घेऊन एनपीए, तरतुदी आणि सीआरएआर स्वतः मांडायचे. 30 तास रिझर्व्ह बँकेचे रोजचे मनी मार्केट ऑपरेशन्सचे पत्रक वाचून तरलता कुठे सरकते याचा तक्ता ठेवायचा. 30 तास एफबीआयएलच्या रोजच्या संदर्भ दरावर चाकणच्या एखाद्या काल्पनिक निर्यातदाराचे 90 दिवसांचे डॉलर बिल धरून हेजिंगसह आणि हेजिंगविना हिशेब करायचा. उरलेले 20 तास रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना केलेल्या दंडाची पत्रके वाचायची आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 47-अ खाली नेमकी कुठली चूक पकडली गेली ते लिहायचे. कॉसमॉसच्या प्रकरणावर एक वेगळा अहवालही होऊ शकतो. यातले बहुतेक सगळे जाहीर माहितीवर चालते, कुणाच्या केबिनबाहेर बसावे लागत नाही.

पुढचे सत्र सुरू व्हायच्या आत प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना पत्र लिहावे. आपल्याकडे विद्यार्थी किती, त्यांचे विशेष विषय कोणते आणि जागा किती हव्यात, एवढे त्यात आकड्यांत असावे. पत्राची एक प्रत विभागीय सहसंचालकांना द्यावी आणि एक या मासिकाकडे पाठवावी. आलेली उत्तरे जिल्हावार छापली जातील. ज्या जिल्ह्यातून उत्तर येणार नाही, त्याचे नावही छापले जाईल. फील्ड प्रोजेक्टची आखणी ज्यांनी स्वतः केली आहे त्यांनी ती पाठवावी. पुढच्या अंकाची आठ पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.