ल कारे 'बिघडला' म्हणणाऱ्यांसाठी

जॉन ल कारेचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य टाकतंच. "शीतयुद्धावर लिहायचा तेव्हा बाप माणूस होता रे, नंतर नुसती भाषणं द्यायला लागला." हे म्हणणाऱ्याला आपण फार चोखंदळ वाचक आहोत असं वाटत असतं. मला हे वाक्य साफ अमान्य आहे. ते आळशी आहे आणि थोडं लबाडही आहे.

आधी माणूस कोण ते बघू. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१. बाप रॉनी पक्का ठग, विम्याच्या फसवणुकीत तुरुंगात जाऊन आलेला. पोरगा पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. ऑक्सफर्डला असताना हे साहेब डाव्या विद्यार्थ्यांत मिसळून त्यांची खबर एमआय५ला पुरवायचे. पुढे रीतसर आधी एमआय५ आणि मग एमआय६. बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत नोकरी करता करता त्याने 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' लिहिली. साल १९६३. नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या नावाने छापता येत नव्हतं, म्हणून टोपणनाव.

आता पुढे स्पॉयलर आहेत. साठ वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे तक्रार चालणार नाही!

त्या कादंबरीत अ‍ॅलेक लीमसला पूर्व जर्मनीत पाठवतात. त्याला सांगितलेलं काम असं, की तिथल्या हेरखात्यातल्या मुंट नावाच्या खुनशी माणसाचा काटा काढायचा. शेवटी कळतं की मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस आहे. खरं काम होतं त्याला वाचवायचं आणि त्याच्यावर संशय घेणाऱ्या, प्रामाणिक आणि हुशार अशा ज्यू फीडलरला संपवायचं. मुंट ज्यूद्वेष्टा आहे हे लंडनला माहीत असतं. या व्यवहारात लिझ नावाची एक साधी, लायब्ररीत काम करणारी मुलगी बर्लिनच्या भिंतीवर गोळी खाऊन मरते. लीमस भिंतीवरून परत खाली उतरतो, आणि तोही मरतो.

आता मला सांगा, यात राग नाही? यात "आपली बाजू" सुटली आहे? ज्यांना २००१च्या 'द कॉन्स्टंट गार्डनर'मध्ये भाषणबाजी दिसते, त्यांना १९६३ मध्ये हे दिसलं नाही का?

कारण 'कॉन्स्टंट गार्डनर' हीच गोष्ट आहे. क्षयावरच्या नव्या औषधाची चाचणी केनियातल्या गरिबांवर होते, माणसं मरतात, ते दडपलं जातं. प्रश्न विचारणाऱ्या टेसाचा खून होतो. भिंतीच्या जागी औषध कंपनी आली, लिझच्या जागी टेसा आली. वरच्यांचा हिशेब मात्र तोच: मोठ्या फायद्यासाठी दोन-चार लहान माणसं गेली तर चालतील.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की बाबा रे, आधीच्या पुस्तकांत ग्रे शेड्स होत्या, नंतर सगळं काळं-पांढरं झालं. यात थोडं तथ्य आहे. 'द नाइट मॅनेजर'मधला शस्त्रांचा दलाल रोपर जरा जास्तच झगमगीत आहे. २००३च्या 'अ‍ॅब्सोल्यूट फ्रेंड्स'चा शेवट इराक युद्धाच्या संतापात लिहिलाय हे लपत नाही. मान्य.

पण 'कॉन्स्टंट गार्डनर' कोणाच्या नजरेतून सुरू होते ते आठवा. नैरोबीच्या ब्रिटिश हाय कमिशनमधल्या सँडी वुडरोच्या. हा काही राक्षस नाही. चांगल्या घरातला, कामसू, प्रमोशनवर डोळा असलेला गृहस्थ. टेसाचा रिपोर्ट त्याच्या हातात येतो, तो नियमाप्रमाणे वर पाठवतो, वरून "विसरून जा" असं येतं आणि तो विसरतो. एवढंच! याहून ग्रे माणूस कुठून आणायचा? फरक इतकाच, की ल कारे त्याला समजून घेतो, पण सोडून देत नाही.

आणि माझ्या मते खरी पोटदुखी इथे आहे. स्मायली हॉटेलच्या खोलीत रात्र रात्र फायली वाचून घरभेदी शोधतो तेव्हा ते वाचायला मस्त वाटतं. ते जग आपलं नसतं. कार्ला मॉस्कोत, सर्कस लंडनमध्ये, आपण सोफ्यावर. तिथली नैतिक गुंतागुंत फुकटात चाखता येते. वुडरो मात्र आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो. मेल फॉरवर्ड करतो. "माझ्या स्कोपमध्ये नाही" म्हणतो. आपण बनवलेली सिस्टीम कोणाचं कर्ज नाकारते, कोणावर पाळत ठेवते, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? आपलं मॉड्यूल टेस्ट पास झालं की विषय संपला. असा माणूस पुस्तकात भेटला की आपण पुस्तकालाच "प्रीची" म्हणून मोकळे होतो.

ल कारे शीतयुद्धाला विसरला नव्हता याचा पुरावा त्यानेच देऊन ठेवलाय. २०१७ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात, त्याने 'अ लेगसी ऑफ स्पाइज' लिहिली. लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी खात्याकडे जाब मागतात: आमची माणसं कशासाठी मेली? चोपन्न वर्षांनी तीच फाइल पुन्हा उघडली. ज्याला भाषणच ठोकायचं होतं तो स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाला कशाला पिंजऱ्यात उभं करेल?

२०२० मध्ये तो गेला. त्याआधी त्याने आयरिश नागरिकत्व घेतलं होतं, ब्रेक्झिटचा तिटकारा इतका होता. म्हणजे शेवटपर्यंत माणूस रागावलेलाच होता. असो.

तुम्हाला त्याची नंतरची पुस्तकं कंटाळवाणी वाटली तर खुशाल वाटू देत, आवडनिवड आहे. फक्त "तो बदलला" म्हणू नका. १९६३ मध्ये तो "त्यांच्या"बद्दल लिहितोय असं तुम्ही समजलात. तो तेव्हाही आपल्याबद्दलच लिहीत होता.